आठव्या थांब्यावर उतरलेले मामंजी

ती. आत्याबाई यांना भाचेसुनेचा वाकून नमस्कार (माझी कंबर तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढाच). तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी दिलेलं औषध गुडघ्याला लावा, नुसतं कपाटाला दाखवू नका. इकडे आम्ही तिघंही खुशाल. उकाडा असा की सकाळी नेसलेली साडी दुपारी पिळून वाळत घालावी.

तुमच्या भाच्याला कंपनीनं दोन महिने इकडे पाठवलं, त्यांच्यामागोमाग मी मामंजींना घेऊन आले. का, ते तुम्हाला सांगायला नको. सासूबाई गेल्यापासून तुमचे दादा दिवसाला चार शब्द बोलत, त्यातले दोन ‘नको’ असत. म्हटलं, चार नव्या जागा पाहतील, जीव रमेल. विमानतळावरच एक पत्रक हाती पडलं, ‘पाहुण्यांनी चुकवू नयेत अशी बारा ठिकाणं’. आम्ही एकही चुकवायचं नाही असं ठरवलं, तिथेच चुकलं.

पहिली बाग. तिच्यात ताडामाडाचे तीनशे प्रकार. गाईडबाई घसा कोरडा करून प्रत्येकाचं नाव-गाव-गोत्र सांगत होत्या. मामंजी शेवटच्या झाडाशी थांबले, वर पाहिलं आणि म्हणाले, “माड.” दिवसाचा कोटा संपला. मग एक रस्ता, जिथे चार धर्मांची चार देवळं एका रांगेत (देवळं म्हणजे तुम्ही समजून घ्या). या गावात चार भाषांची माणसं भिंतीला भिंत लावून राहतात आणि दुकानांच्या पाट्याही चार लिप्यांत. चारांपैकी तीन देवांचं निदान ‘चपला बाहेर’ यावर एकमत होतं. तिसऱ्या ठिकाणाहून मामंजी आले ते एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात कुणा बाईमाणसाची सँडल. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. ते म्हणाले, “बसते.” पुढे संग्रहालयात दोरी ओलांडून ते कुणा जुन्या गव्हर्नरच्या खुर्चीत झोपी गेले. रखवालदार उठवायला आला, पण सहलीची मंडळी त्यांचे फोटो काढत होती, म्हणून बिचारा थांबला.

चौथ्या दिवशी उघड्या टपाची दुमजली बस घेतली. आठवा थांबा कारंज्याचा. बस सुटली, मी पत्रक वाचत शेजारी बोलत राहिले आणि नवव्या थांब्याला मान वळवली तर सीटवर नुसती टोपी. आत्याबाई, हसू नका. फोन नाही, भाषा नाही, घराचा पत्ता पाठ नाही. तुमचा भाचा मीटिंग सोडून धावत आला. दोन तास आम्ही कारंज्याभोवती प्रदक्षिणा घातल्या, फळवालीला हातवारे करून उंची, चष्मा, टक्कल सगळं दाखवलं. शेवटी तिनं आमच्या पाठीमागे बोट दाखवलं. समोर पोस्ट ऑफिस होतं.

आत, काउंटरच्या मागे, लाकडी कप्प्यांच्या भिंतीसमोर उंच स्टुलावर मामंजी. बाह्या दुमडलेल्या, डाव्या हातात पाकिटांचा गठ्ठा. पस्तीस वर्षं टपालखात्यात सॉर्टिंग केलेले हात, एकही पाकीट चुकीच्या कप्प्यात पडत नव्हतं. तिथल्या थोराड पोस्टमास्तरीणबाईंनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे गृहस्थ लाल पेटी पाहून बसमधून उतरले, काउंटरपाशी उभे राहून कारकुनाचं शिक्के मारणं पाहिलं, मान हलवली आणि शिक्का धरायचा कसा ते दाखवलं. दोन माणसं रजेवर होती, म्हणून बाईंनीच आत बोलावलं. पत्ते चार लिप्यांतले, यांना एकही येत नाही, पण आकडे त्यांनी दहा मिनिटांत समजून घेतले. मी रडकुंडीला येऊन “मामंजी” म्हटलं, तर वर न बघता म्हणाले, “जरा थांब. टपाल निघायचंय.”

आता रोज नऊ ते एक तिथेच. जेवताना बोलतात. परवा सांगत होते, एका पाकिटावर, बाईंनी वाचून सांगितलं, पत्ता म्हणून फक्त ‘काका, हिरवं दार’ एवढंच होतं, आणि तेही पोचलं. सांगताना स्वतःच हसले. दोन वर्षांनी. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि जरा उशिरानं बाहेर आले. उरलेली चार ठिकाणं आम्ही पाहिली नाहीत, पाहणारही नाही.

घरातल्या लहानांना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा (बसूनच) नमस्कार.

तुमची भाचेसून

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. पुढच्या महिन्यात परतीचं विमान आहे आणि मामंजी त्या विषयावर पुन्हा चार शब्दांवर आले आहेत. आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. कृपा करून आजारी पडा. गुडघा नको, त्यावर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. चक्कर बरी. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन हातभर लांब धरता आणि आमच्या इथेही सगळं घर ऐकतं.

ता. क. २. हे पत्र त्यांच्या पोस्टात टाकत नाही, पलीकडच्या गल्लीतल्या पेटीत टाकते. तुम्ही निर्धास्त असा.

(पाकिटाच्या पाठीवर, दुसऱ्या अक्षरात)

बाळे, पलीकडच्या गल्लीतली पेटीही आमच्याकडेच रिकामी होते. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. सुनेनं तुझा पिनकोड चुकवला होता, दुरुस्त केला आहे. परत येणारच आहे, व्हिसावरची तारीख मलाही वाचता येते. तुला चक्कर यायचीच असेल तर सव्वीस तारखेनंतर येऊ दे, तोवर इथली दोन माणसं रजेवर आहेत. — दादा