थोरलीच्या अर्जावर न झालेली सही

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिले आहे. कोणाचा दबाव नाही. आणू शकले असते ते एकटे माझे पती, अग्निशमन दलातले फायरमन. ते सहा वर्षांपूर्वी फुप्फुसांच्या आजाराने गेले, आणि असतानाही त्यांनी कधी आणला नाही. पुढे जिथे मी ‘हे’ किंवा ‘यांनी’ म्हणेन, तिथे तेच समजावेत.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्चीचा जिना, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांना निम्मे निम्मे. विकायचे की ठेवायचे ते दोघांनी ठरवावे. ‘आईला काय आवडलं असतं’ यावर वाद घालू नये.

२. शिवणयंत्र सुनेला. तिला टाका घालता येत नाही हे मला ठाऊक आहे. शिकेल.

३. यांचा तंबू, दोर आणि होकायंत्र धाकट्याला. सुट्टी मिळाली की हे त्याला आणि गल्लीतल्या मुलामुलींना डोंगरावर नेत, गाठी मारायला शिकवत. शनिवारी शाळेत जाऊन बाकांवर चादरी टाकून बोगदा करत आणि धुरात खाली वाकून रांगायचे कसे, दार उलट्या हाताने चाचपून मगच उघडायचे कसे, हे सगळ्यांकडून करून घेत. शिकवायला लागले की यांना तहानभूक राहत नसे. तंबू ओला गुंडाळून ठेवू नये.

४. मोठे पातेले फायर स्टेशनच्या स्वयंपाकघराला. पाळीवरच्या बारा जणांचे जेवण हे त्यात हौसेने रांधत. माझ्या धाकट्या दिरांनी ते एकदा मागून नेले आणि बूड जाळून परत आणले. “जरासं लागलंय, वहिनी,” म्हणाले. हे दोन दिवस घासत बसले, भावाला चकार शब्द बोलले नाहीत. म्हणून मी इथे बोलत आहे. झाकण अजून भावजींकडेच आहे. ते त्यांना लखलाभ.

५. हे कलम थोरलीसाठी.

एकोणीस वर्षांची असताना तिने दलात भरती होण्याचा अर्ज आणला. मुलगी म्हणून त्यावर वडिलांच्या संमतीची सही मागितली होती. यांनी केली नाही. “जगाच्या पोरांना शिकवता, मीच नकोशी?” असे तिने विचारले. हे मान खाली घालून भाजी निवडत राहिले. पुढे ती विमा कचेरीत लागली, जळालेल्या दुकानांची पाहणी करू लागली. पण वडिलांशी कामापुरतेच बोलली. शेवटच्या आजारात उशाशी बसली, तेव्हाही विषय औषधापलीकडे गेला नाही.

खरे असे आहे की, नको मी म्हटले होते. त्याच महिन्यात एका गोदामाचा माळा कोसळून यांचा खांदा मोडला होता. मी यांना म्हणाले, “एका माणसाची वाट बघण्यात माझा जन्म चाललाय. दुसऱ्याची बघायची ताकद माझ्यात नाही.”

यांनी मोडक्या खांद्याची झोळी सारखी केली. मग म्हणाले, “नकार मी देतो. तुझ्यावर रुसली तर घर सोडून जाईल. माझ्यावर रुसली तर तुझ्याकडे तरी येत राहील.”

झाले तसेच. ती दर रविवारी माझ्याकडे येत राहिली आणि मी तोंड उघडले नाही. हे होते तोवर धीर झाला नाही. गेल्यावर, आता सांगून काय उपयोग, अशी मनाची समजूत घातली.

मी गेल्यावर वकिलांनी हे कलम तिला वाचून दाखवावे, असा बेत होता. लिहून झाल्यावर तो मलाच पटेना. येत्या रविवारी कागद तिच्या हातात देणार आहे.

सही: लिहून देणार
साक्षीदार: १) यांच्या बंबाचे निवृत्त चालक २) डॉक्टरीणबाई
ठिकाण: राहते घर
दिनांक: ११ फेब्रुवारी

पुरवणी, १६ मार्च.

थोरलीने कागद दोनदा वाचला. म्हणाली, “मला अंदाज होता, असं म्हणून तुला मोकळं करणार नाही, आई. मला काहीच माहीत नव्हतं.” मी माफी मागितली. तिने कागद माझ्या हातात परत दिला. पुढचे तीन रविवार आली नाही.

काल आली. चप्पल न काढता दारातच उभी राहून तिने विचारले, “खांदा मोडला त्या दिवशी बाबा घरी आले, तेव्हा पहिलं काय बोलले?”

मी सांगितले. मग तिने चप्पल काढली आणि पुढचे विचारले. संध्याकाळपर्यंत मी सांगत होते.

वाटण्यांत बदल नाही.

सही व साक्षीदार: वरीलप्रमाणे