व्हाळातलं बिननावाचं रोप

९ नोव्हें., रवि.
मंडणगडहून, माहेराहून परत. तिथे रस्ता रुंद करायचा म्हणून घरामागचा व्हाळ, म्हणजे ओढा, बुजवतायत. पाण्याखालची ती लांब, कडांना चुणी पडलेली पानं जन्मभर पाहिली, नाव कधी विचारलं नाही. एक गड्डा उपटून पोळ्यांच्या डब्यातून आणला, सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, गप्पी माशांच्या टाकीत लावला. बाबा म्हणाले, "काय गो, येवड्या लांबसून गवात आणलंस?"

११ नोव्हें.
झाडं ओळखणारं मोबाइलचं ॲप. आधी मका म्हणालं. मग लिली. मग "पुन्हा प्रयत्न करा". माशांच्या दुकानवाल्याने फोटो बघून छातीठोकपणे सांगितलं, व्हॅलिस्नेरिया. त्याच्याकडची एक काडी विकत घेतली, दोन्ही पानं शेजारी धरली. त्याच्या पानाची कड टोकाशी बोटाला खरखरते, माझी गुळगुळीत. शिवाय माझ्या पानाला मधोमध जाड शीर. दुकानवाला तोंडघशी पडला, मी उगाच खूश.

१७ नोव्हें.
पानं विरघळतायत. हात लावला की शेंबडासारखी सुटून येतात. काल सहा होती, आज चार. जेवण गेलं नाही.

१८ नोव्हें.
टाकीतली वाळू किनाऱ्यावरची, मीच आणलेली. सात पाण्यांनी धुतली, खारटपणा गेला म्हणजे झालं, असं वाटलेलं. आज कुठेतरी वाचलं, आंबट टाकून बघा. लिंबू नव्हतं, चमचाभर वाळूवर कोकमाचं आगळ ओतलं. फसफसली की! सगळा शिंपल्यांचा चुरा. पानं त्यातल्या चुन्यामुळे विरघळली की जागा बदलल्यामुळे, देव जाणे. बाबांना तर आयतंच सापडलं. "वाळू दर्याची नि झाड व्हाळाचा. नांदंल कसा?"

२३ नोव्हें.
नदीची वाळू, खाली सड्यावरची, कातळपठारावरची, लाल माती. पान एकही उरलेलं नाही. दादाचा फोन: व्हाळावर खडी पडली. म्हणजे आता हा गड्डाच काय तो. बोटाने चाचपला, घट्ट लागतोय. टाकून द्यायचा नाही.

१४ डिसें.
कोंब! टाचणीएवढा, तपकिरी. ओरडलेच.

१० जाने., शनि.
पाच पानं. एक पान डब्यात घालून कॉलेजातल्या बॉटनीच्या मॅडमकडे. क्रिप्टोकोरिन, एवढं नक्की. पण त्यातही जाती बऱ्याच. काही कुठेही मिळणाऱ्या, काही फार थोड्या उरलेल्या. "पानावरून नाही सांगणार. फूल दाखवा." ही वनस्पती बुडालेली असेल तर फुलत नाही, व्हाळ आटायला लागला की फुलते. म्हणजे टाकी आटवायची. आणि गप्पी? घाबरत घाबरत बाबांना विचारलं. सगळं आयुष्य होडीवर गेलेलं, त्यांना भरती-सुकती मी काय शिकवणार! "सुकती लागल्याबिगर खालचा दिसतंय काय?" म्हणाले, आणि गप्पी स्वतःच बादलीत काढले.

२ फेब्रु.
रोज एक तांब्या पाणी काढायचं काम बाबांनी घेतलंय. वर काच झाकतात, ओल राहावी म्हणून. मला हात लावू देत नाहीत.

२८ फेब्रु.
कळी. पानांच्या बुडातून, पिळलेल्या वातीसारखी. एकच. मॅडमना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, नाव ठरवायचं तर फुलाच्या बुडाची नळी ब्लेडने उभी चिरायची, आत काय, किती, ते मोजायचं. चिरलं की बी गेलं. न चिरता ठेवलं तर बी धरेलच, असंही नाही. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी टाकीवरची काच पुन्हा नीट सारली.

८ मार्च, रवि.
फूल उघडलंय. आत जांभळं. मॅडम अकराला येणार, ब्लेड तयार ठेवा म्हणाल्यात. काल नवं आणून टाकीशेजारी ठेवलेलं, ते नाही. बाबांना विचारलं.
"दाढी केली."
दाढी जशीच्या तशी आहे, चांगली तीन दिवसांची.
शिवणाच्या डब्यात दुसरं ब्लेड आहे. पावणेअकरा झाले. मी अजून उठलेले नाही.