गौरी जाईपर्यंत पिंजरा नको

२३ ऑगस्ट, शनिवार

रेडिएशन ९ झाले, १६ राहिले. शनिवार-रविवार मशीन बंद, तेवढीच सौ.च्या कातडीला सुट्टी.

सकाळी गाडीचं पाणी बघायला बॉनेट उघडलं तर बॅटरीवर अर्धा खाल्लेला बटाटा आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा. लेंड्या वेगळ्याच. आमच्याच स्वयंपाकघरातलं सामान, आमच्याच गाडीत, थाट पाहुण्यांचा. पावसाने बिळं भरली की हे असं होतं. त्यात समोरच्या गोडाऊनमध्ये पेस्ट कंट्रोलवाले येऊन गेले की तिथले उंदीर पळून अंजूर गावातच येणार, दुसरीकडे जातील कुठे? आणि त्या गोडाऊनच्या गेटवर ड्युटी माझीच, उंदरांचं रजिस्टरही मीच भरतो. भिंतीलगत चाळीस पिंजरे, रोज प्रत्येकापुढे 'निरंक'.

फाट्यावरून एक पिंजरा आणि गोंदाचे पुठ्ठे आणले. सौ.ने पिशवीत बघितलं. "परत ठेवा ते. बुधवारी बाप्पा येणार. गौरी जाईपर्यंत उंदराला हात लावाचा न्हाय." आईच्या वेळेपासूनचा घरातला नियम, मला माहीत होता. बाप्पाचं वाहन, बाप्पा घरात असताना मारायचं नाही. वाद घालता आला असता. पण ऑपरेशनपासून ती माझ्याकडे काही मागतच नाही. पिशवी माळ्यावर टाकली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

रे. ११. फाट्यावरच्या गॅरेजचे इक्बालभाई म्हणाले, "तंबाखू के पत्ते रख दो बॉनेट में, नहीं आएँगे." ठेवले. आता एसी लावला की गाडीभर तंबाखू. सौ. म्हणते, "डाक्टर इचारतील, बाई इडी वढते काय." बऱ्याच दिवसांनी हसली.

काशेळी पुलावर कंटेनरच्या मागे पाऊण तास. सीटबेल्ट डाव्या बाजूला घासतो म्हणून मधे छोटी उशी धरून बसते. तिथली कातडी आता काळी पडून सोलायला लागली आहे. रिक्षाने न्यायचं असतं तर... जाऊ दे.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा आले. हॉस्पिटलला सुट्टी. मूर्ती गाडीतून आणली, सौ.च्या मांडीवर. डाव्या हाताने वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी दहादा सांगितलंय, तरी. मोदक एकवीस झाले. मी किती खाल्ले ते लिहीत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

रे. १३. अर्ध्यावरून पुढे गेलो.

उंदीर तंबाखूला सरावले. एक तर चक्क वायपरवर बसून माझ्याकडे बघत होता. सौ.ने त्याला हात जोडले. मीही जोडले, दुसरं काय करणार.

१ सप्टेंबर, सोमवार. गौरीपूजन

गाडी चालू होत नाही. किल्ली फिरवली, सगळे दिवे लागले, इंजिन गप्प. चार-पाचदा फिरवली. शेवटच्या वेळी जळका वास. बॉनेट उघडलं तर वायरींचा जुडगा कुरतडून भुगा केलेला. तंबाखूची पानं तिथेच बाजूला, व्यवस्थित.

दहाचा नंबर होता. मोबाईलवरून टॅक्सी बोलावली, तिघांनी 'अंजूर' वाचून कॅन्सल केली. गावातला इको व्हॅनवाला सकाळी शाळेची पोरं नेतो. शेवटी रिक्षा फाट्यापर्यंत, तिथून दुसरी काल्हेरपर्यंत, तिथून तिसरी. खड्ड्यांत सौ. दांडा धरून अर्धी उभीच. साडेबाराला पोचलो, सिस्टरनी मधे घातलं. रे. १४ झाले.

येताना ब्लाउजला पाणी लागलं होतं जखमेचं. घरी येऊन गौरीपुढे बसली आणि म्हणाली, "बास झाले. उरलेले नको मना." मला राग आला. उंदरांचा, रस्त्याचा, तिचा, माझा. कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून अंगणात जाऊन उगाच गाडीला लाथ मारली. पाय दुखतोय.

२ सप्टेंबर, मंगळवार

रे. चुकलं. पहिलं.

विम्याच्या एजंटला फोन केला. विलास, आमच्याच आळीतला, चुलत भावाचा मेहुणा. "भाऊजी, फुल्ल पॉलिसी हाय, टेन्शन घ्यायचा न्हाय. उंदीर पण बसतो त्याच्यात." गाडी वनिताच्या, म्हणजे सौ.च्या नावावर, म्हणून क्लेमवर तिची सही घेऊन गेला. गाडी ओढून इक्बालभाईंकडे. ते म्हणाले, "वायरिंग का पूरा हार्नेस गया, साथ में कंप्युटर भी. सर्वेअर देखे बिना हाथ नहीं लगाऊँगा, बाद में आपका ही लोचा होगा." खर्चाचा आकडा सांगितला. तेवढे असते तर ऑपरेशनला सौ.च्या पाटल्या गेल्या नसत्या.

दुपारी गौरी-गणपती खाडीवर पोचवले. घरी आल्या आल्या पिंजरा लावला. सौ. स्वतः म्हणाली, "आता लावा." तासाभरात दोन सापडले. मोठमोठे. फार उशीर झाला रे बाबांनो.

३ सप्टेंबर, बुधवार

धाकट्या भावाची गाडी मिळाली. सोमवारी आणि बुधवारी देईन म्हणाला, बाकी दिवस त्याचा धंदा. रे. १५. डॉक्टर म्हणाले, खंड पडू देऊ नका, पाच दिवसांचं औषध दोन दिवस घेऊन चालत नाही. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी रिक्षांनी. रे. १६. सौ. येताना काल्हेरला उतरून रस्त्याच्या कडेला बसली, पंधरा मिनिटं उठली नाही. "उद्यापासून रिक्षा न्हाय. भावजींची गाडी असंल तेव्हा येईन, नायतर न्हाय." टॅक्सी ठरवतो म्हटलं तर "कशावर?" म्हणाली.

दुपारी गॅरेजवर विमा कंपनीचा सर्वेअर आला. तरुण, सभ्य, ठाण्याचा. फोटो काढले, वायरी बघितल्या. विचारलं, "उंदीर पहिल्यांदा कधी दिसले?"

मला तारखा अंदाजाने सांगायची सवय नाही. वीस वर्षं रजिस्टर लिहितोय. पिशवीतून ही वही काढली आणि २३ तारखेचं पान वाचून दाखवलं. बटाटा, खोबरं, पिंजरा आणला, माळ्यावर टाकला, सगळं. "मग बंदोबस्त का नाही केला?" म्हटलं, "गणपती होते ना घरात." तो हसला. "आमच्या घरी पण बसतो, काका." करंज्या नेल्या होत्या, दोन खाल्ल्या. मी सांगितलेलं त्याच्या फॉर्मवर लिहिलं, खाली माझी सही घेतली. माणूस चांगला वाटला. काम होईल.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सौ. गेली नाही. रे. चुकलं.

८ सप्टेंबर, सोमवार

भावाची गाडी. रे. १७.

परत आलो तर विलास ओटीवर बसलेला, चेहरा पडलेला. क्लेम नामंजूर. पत्र इंग्रजीत. उंदरांचा वावर नऊ दिवस माहीत असूनही, सणामुळे, मालकाने वाजवी काळजी घेतली नाही. पुरावा काय, तर माझं स्टेटमेंट आणि माझी सही.

सौ. आत गेल्यावर विलास हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, वही कशाला वाचून दाखवलीत? कोणी सांगितला होता?"

कोणी नाही. खरंच कोणी नाही सांगितलं. वीस वर्षं चाळीस पिंजऱ्यांसमोर न बघता 'निरंक' लिहिणारा मी, एकदाच खरं वाचून दाखवलं ते इथे. पत्र या वहीत ठेवलं. तिला म्हटलं, कागद कमी पडलेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

रे. चुकलं. ड्युटीवर लक्ष नव्हतं, एक ट्रक दोनदा आत लिहिला.

कंपनीच्या टोल-फ्रीला फोन. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. हिंदीत बाई आली. तिला गणपती समजावला, नियम समजावला, सोललेली कातडीसुद्धा सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आपकी असुविधा के लिए खेद है." नंतर मला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. पाच दिले. तिचा काय दोष.

१० सप्टेंबर, बुधवार

रे. १८. सात राहिले.

विलासने रस्ता काढला आहे. फेरविचाराचा अर्ज करायचा. त्यात मालकाचं नवं स्टेटमेंट: नवरा आजारपणाच्या गडबडीत चुकीचं बोलला, पिंजरे २३ तारखेपासून लावलेले होते, रोज उंदीर मारत होतो. पिंजऱ्याची पावती २३चीच आहे, ती खरी. सोमवारपर्यंत गेलं तर पास होईल म्हणतो. सही मालकाची. म्हणजे वनिताची.

सही मीच ठोकावी असंही मनात आलं. तिची सही काय, नुसतं नाव लिहिते.

११ सप्टेंबर, गुरुवार

रे. चुकलं.

ड्युटीवरून आलो तर पत्र तिच्या हातात. ही वही कपाटावरून काढून झटकत होती, त्यातून पडलं. म्हणाली, वाचून दाखवा. मी वाचलं, मधलं गाळून. कागद कमी आहेत वगैरे. तिने बोट ठेवलं. "हा 'फेस्टिव्हल' लिवलाय. एवढा मना वाचता येतो."

मग सांगितलं सगळं.

तिने पत्राची घडी घातली, वहीत परत ठेवलं. मग, "म्हंजे माझ्यामुलं."

मी म्हटलं, नाही, माझ्यामुळे, वही मी वाचली. "तुमी खरा वाचला," म्हणाली, आणि भात टाकायला उठली. मी रडलो. तिने बघितलं नाही, किंवा बघितलं आणि दाखवलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रे. चुकलं. सिस्टरचा फोन, सोमवारी नक्की आणा, नाहीतर डॉक्टर सगळा हिशोब नव्याने मांडतील. भाऊ सोमवारी कोल्हापूरला चाललाय.

विलास टाईप केलेलं स्टेटमेंट देऊन गेला. मराठीत आहे. तिने स्वतः वाचलं, ओळीवर बोट ठेवून. 'रोज उंदीर मारत होतो' इथे थांबली.

"बाप्पा घरान होता आणि मी रोज मारीत होती, असा लिवून देऊ?"

मी म्हटलं, नुसता कागद आहे. कंपनीसाठी.

"मी त्याच्याकडं बरी व्हायला मागितलाय. तो बी वाचील ना."

मी म्हटलं, नको तर नको, दुसरं काहीतरी बघू. दुसरं काही नाही हे दोघांनाही माहीत आहे. तिने पेन घेतलं, टोपण काढलं, माझ्यासमोर कागद सरळ केला.

"तवा मी सांगितला, तुमी ऐकला. एक शब्द बोलला न्हाय. आता तुमी सांगा. कर म्हणाल तर करते सही, नको म्हणाल तर न्हाय. मंग परत बोलाचा न्हाय कोणी."

संध्याकाळचे सहा वाजलेत. ती समोर तांदूळ निवडत बसली आहे. कागद पाटावर आहे, पेन उघडंच आहे, शाई वाळेल. मधूनमधून मान वर करून माझ्याकडे बघते. मी काहीतरी कामाचं लिहितोय असं दाखवून ही वही भरतोय.