उरलेला नारळ

रविवार, संध्याकाळ. नागाव

आजचं लिहूनच ठेवते. वाडीतले नारळ पाडले की तिघे भाऊ आपसात वाटे घालतात आणि बाकी उरेल ती बहिणीची. आमच्याकडे रीतच तशी. आज पंचवीस निघाले. तिघांना आठ-आठ, उरलेला एक माझ्यापुढे ठेवला. एक! तिसरीच्या पोरांना मी भागाकार शिकवते. मग भाजक तीनच का, हे मी का नाही विचारायचं?

म्हटलं, "दादा, चारने भाग."

"सहा-सहा होतील. तरी एक उरतोच ना? तो कुणाचा?"

पडवीतून आई म्हणाली, "पाच वाटे कर. मी पन हाय."

पाच-पाच. बाकी शून्य. दादा अजून पुन्हापुन्हा मोजतोय. मोजू दे!