उचललेला खांदा

पुसेगाव, कार्तिक शुद्ध ६, शके १८६३

चि. मार्तंडास गंगूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं, पण अक्षर तुझं न्हाई. बोटं बधिर झाली म्हणून शेजाऱ्याकडून लिहवलंस, हे शेवटच्या ओळीत काहून सांगावं? कारकुनाचा हातच चालेना तर कचेरीत किती दिवस ठेवतील, याची तुझ्या दाजींना काळजी लागली आहे. सुधाला देवाघरी जाऊन चार महिने झाले. स्वतःच्या हातचं काय खातोस देव जाणे. इथं लमाणांच्या तांड्यावरचा थावरा हातानं हाडं, शिरा बघतो. माझी कंबर त्यानंच बरी केली. कचेरीतून आठ दिवसांची रुखसत काढून ये.

तुझी वाट पाहणारी,
ताई

हिंगोली, मार्गशीर्ष वद्य २

ती. ताईस मार्तंडचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचलो. हे माझंच अक्षर आहे. तिथं आठ दिवस राहून बोललो न्हाई, ते लिहून राहिलो.

थावरानं मान, पाठ दाबून पाहिली आणि उजव्या खांद्यावर काय वाहतोस म्हणून विचारलं. लेखणी, म्हटलं. लेखणीनं खांदा असा कानाला भिडत न्हाई, म्हणाला. मग सांगावंच लागलं. दम्यामुळं सुधाला आडवं होता येत नव्हतं. चैत्रापासून मी भिंतीला टेकून बसायचो, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवायची. मान घसरू नये म्हणून खांदा उचलून धरायचो. आषाढात एका दुपारी ती तशीच गेली. मला कळलं न्हाई. आज झोप लागली म्हणून दिवेलागणीपर्यंत हललो न्हाई.

थावरानं खांद्यावर हात ठेवला. हात तिथंच ठेवून, श्वास सोड म्हणाला. खांदा खाली आला. तकलीफ निम्मी गेली, पण ताई, इतके दिवस तिचं डोकं तिथं आहे असं वाटायचं, आता तिथं काहीच न्हाई. पुन्हा बोलावलंय त्यानं; मी येणार न्हाई. रागावू नकोस.

तुझा
मार्तंड

पुसेगाव, मार्गशीर्ष वद्य ९

चि. मार्तंडास आशीर्वाद. वि. वि.

तू येणार न्हाईस हे थावराला सांगितलं. बरं म्हणाला, आणि तिचं नाव विचारलं.

तुझं अक्षर पाहून दाजी म्हणाले, मार्तंड बरा झाला. मी व्हय म्हटलं आणि चुलीपाशी जाऊन बसले. चैत्रापासून तू लिहायचास, सुधा ठीक आहे. मी ते खरं धरलं. खरं धरलं म्हणजे यावं लागत न्हाई. माझी भावजय तीन महिने बसून श्वास घेत होती आणि मी इथं पापड लाटत होते.

सोमवारच्या बैलगाडीनं निघते. नको म्हणू नकोस. लग्नानंतर मी तिला चारदाच पाहिलं. ती कशी होती, ते मला सांग.

माया असू दे. ती मागायला मला तोंड न्हाई, तरी मागते.

ताई