पंचेचाळीस मिनिटांची सोयरीक

४ मार्च

तीर्थस्वरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि निम्मं स्वतःच ठरवतेस, म्हणून महत्त्वाचं ते पत्रातच लिहायचं, हा आपला करार. तो मी मोडला नाही, नुसता लांबवला.

आमच्या कंपनीची विमानं अकरा. अकरा विमानांनी जगभर जाता येत नाही, म्हणून मोठ्या विमान कंपन्यांच्या एका गटात आम्हाला शिरायचं आहे. शिरलो, की आमचा प्रवासी एकाच तिकिटावर त्यांच्या विमानतळावर उतरून त्यांच्या विमानात बसेल. गटातली सगळ्यात मोठी कंपनी आम्हाला घ्यायला राजी आहे. अट एवढीच, की एका विमानातून दुसऱ्यात जायला पंचेचाळीस मिनिटं पुरतात असं आम्ही लिहून द्यायचं. वेळ जितका कमी, तितकं ते तिकीट शोधणाऱ्याला यादीत वर दिसतं.

पुरतात की नाही हे बघणं माझं काम. गेल्या महिन्यात मी त्यांच्या विमानतळावर चालून आले. अडतीस मिनिटं लागली. तसं लिहिलं, सही केली. साहेब खूश.

आता खरं सांगते. सुरक्षा तपासणीची रांग आली तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्याने मला कर्मचाऱ्यांच्या दारातून पलीकडे नेलं. गप्पा मारत, सहज. मी त्याच्या मुलांची चौकशी करत होते. परवा डायरीचं ते पान वाचताना ‘दार’ हा शब्द दिसला, आणि तेव्हापासून घास गोड लागत नाही. मला ते तेव्हा कळलं नव्हतं, की कळलं होतं म्हणूनच मी गप्पा वाढवल्या? डायरीत एवढंच नेमकं लिहिलेलं नाही.

तू दादाकडे निघालीस ती याच वाटेने. ही जोडतिकिटं महिनाभर प्रयोग म्हणून चालू आहेत. तुझं तिकीट बदलून देऊ का? गुडघा काय म्हणतो?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
वहीवाली

९ मार्च

चि. वहीवालीस,
अ. उ. आ.

गुडघा काही म्हणत नाही, मीच त्याला म्हणते.

थोरामोठ्यांच्या घरची सोयरीक चालून आली म्हणून तुमचे साहेब हुरळले, हे समजू शकते. गरजवंताला अक्कल नसते. पण तू तर आमच्या घरातली शहाणी. पाहुणचाराच्या दारातून आत गेलीस आणि घर बघून आले म्हणून सही ठोकलीस?

एकतीस वर्षं मी बसमध्ये तिकिटं फाडली. घंटी दोनदा वाजली की ड्रायव्हर निघतो. तो मागे वळून बघत नाही, घंटीवर विसंबतो. म्हणून शेवटचा पाय पायरीवर आल्याशिवाय मी दोरीला हात लावला नाही. गाडी उशिरा जाते म्हणून वरून दोन मेमो आले. दोन्ही ट्रंकेत आहेत, लग्नाच्या फोटोखाली. तुझे काका म्हणायचे, हिच्या बसला वेळापत्रक नाही, हिच्या बसला म्हातारे आहेत.

दाराची गोष्ट तू कळून केलीस की नकळत, हे डायरीला विचारत बसलीस तर माझी पंच्याहत्तरी उलटेल. चूक दिसली ना? मग ती परत घे.

तिकीट बदलायचं नाही. मी त्याच विमानाने जाणार. घड्याळ माझ्या हातात आहे, आणि आकडे लिहायला तुझ्या कॉलेजात जावं लागत नाही.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
मावशी

१४ मार्च

तीर्थस्वरूप मावशीस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले की एका दारासाठी मी अकरा विमानं जमिनीवर बसवणार का. चारशे माणसं या कंपनीवर जेवतात, गट मिळाला नाही तर वर्षभरात त्यातली निम्मी घरी बसतील. आकडा पुढे गेला आहे, पुरावा असेल तर पंचवीस तारखेच्या बैठकीत आणावा, नाहीतर तोंड मिटून बसावं.

चारशेंमधली बरीचशी मी चेहऱ्याने ओळखते. त्यामुळे दोन दिवस स्वतःलाच विचारते आहे, मला खरं बोलायचं आहे की फक्त स्वच्छ राहायचं आहे? या दोन गोष्टी एकच नसतात.

आणि तुझ्याबद्दल. मोजपट्टी म्हणून तुला पाठवणं मला पटत नाही. तुझ्या नावाने चाकांची खुर्ची सांगून ठेवली आहे. माणूस दारातच उभा असेल. कृपा करून बस. हट्ट करू नकोस, एवढा हक्क ठेवते.

तुझी,
वहीवाली

२१ मार्च, विमानतळावरून

चि. वहीवालीस,
अ. उ. आ.

बसले नाही. खुर्ची घेऊन आलेला पोरगा बिचारा चांगला होता, त्याला सांगितलं की मी पांगळी नाही, हळू आहे. पुढे एक बॅटरीची गाडीही आली. तुझं नाव त्यांना ठाऊक होतं बरं का, तुझी मावशी म्हणून फार आदराने बोलले. मी म्हटलं, बाकीच्यांच्या मावश्यांना नेता का? तेव्हा गाडी गेली.

तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगते. मुद्दाम रेंगाळले नाही. पाणीसुद्धा प्यायले नाही. उलट रोजच्यापेक्षा भराभर चालले, पाठ घामाने भिजली. रांगेतच सव्वीस मिनिटं गेली. एकूण एकाहत्तर. विमानाचं दार बंद झालं होतं.

आता नीट वाच. त्या बंद दारापाशी मी एकटी नव्हते. आपल्या विमानातून उतरून पुढे जाणारे चौदा होतो, त्यातले नऊ बाहेर राहिलो. कडेवर एक आणि बोटाला एक मूल घेतलेली बाई. छातीचं ऑपरेशन झालेले एक मास्तर. आणि एक चांगला धडधाकट पैलवान, तो फक्त चुकीच्या रांगेत उभा राहिला होता. मी जुन्या सवयीने एकेकाला गाठलं. नाव, आसन नंबर, उतरल्याची वेळ, दारापाशी पोचल्याची वेळ, खाली सही. कोणी कुरकुरलं नाही. पैलवानाने तर दोनदा केली.

पुढचं विमान सहा तासांनी आहे. दादाला कळवलं आहे, तो चिडला आहे, चिडू दे. यादी या पत्रासोबत आपल्याच परतीच्या विमानातल्या मुलीकडे देते. तुला उद्या मिळेल.

चारशे माणसांचं तू लिहिलंस. खरं आहे. पण घंटी ओढणारी तू आहेस, ते चारशे नाहीत.

मावशी

२६ मार्च

तीर्थस्वरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काल बैठक झाली. मी अडतीसचा कागद मागे घेतला, दाराची हकीकत सगळ्यांसमोर वाचली आणि नवा आकडा ठेवला, पंच्याहत्तर.

मोठ्या कंपनीच्या बाजूचे गृहस्थ हसून म्हणाले की जगात सगळीकडे धडधाकट माणसाच्या चालीने मोजतात, आम्ही कोणाच्या चालीने मोजलं? मी तुझी यादी पुढे सरकवली आणि म्हटलं, “ज्यांनी तिकीट काढलं त्यांच्या.” पैलवानाच्या दोन सह्यांपाशी ते जरा अडखळले.

गटाने आमचा निर्णय सहा महिने पुढे ढकलला आहे. ती मोठी कंपनी आता आणखी दोघांकडे बघते आहे म्हणे. साहेबांनी मला या कामावरून काढून गोदामाच्या तपासणीवर घातलं. जेवणाच्या टेबलाशी काहीजण आता जागा बदलतात. त्यांच्यावर मला रागावता येत नाही. मी बरोबर केलं का, हे आज पुन्हा डायरीत लिहिलं आणि उत्तराची जागा मोकळी सोडली.

पण साहेबांनी कालच संध्याकाळी माझ्या जागी दुसऱ्या एकाला बोलावून पंचेचाळीसवर सही करायला सांगितली, तेव्हा त्याने फाइल उघडली, वरचीच नऊ नावं वाचली आणि पेन परत खिशात ठेवलं. साहेबांनी तिसऱ्याला बोलावलं नाही.

मेमो आज आला. तुझ्या दोन मेमोंशेजारी ट्रंकेत जागा आहे का, कळव.

शेवटचा पाय पायरीवर यायचा होता, मावशी. मी दोरीला हात लावला नाही.

गुडघ्याला माझा नमस्कार सांग.
तुझीच,
वहीवाली