येल्तेला सांग, थांबू नकोस

ब्रुग्ज, मार्च १९१७

प्रिय गेस्के,

तू पाठवलेला चहा पोचला. आमच्या पाणबुडीत तेलाचा असा उग्र वास की तो चहालाही लागतो. पण गरम चहा ओतताच कपातली खडीसाखर तडकली आणि क्षणभर आईच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटलं. तिसरा कप आमच्या इंजिनवाल्या ब्रूनोने पळवला. वर म्हणतो कसा, "तुम्हा एमडेनवाल्यांना लढाईपेक्षा चहाचीच काळजी!" त्याला काय कळणार?

तुझा नवरा काय म्हणतोय? डच बोटीचा कप्तान झाल्यापासून येल्तेचा भाव भलताच वधारलाय. नाताळात आईकडे जेवताना मला म्हणाला, "मेव्हण्या, तुम्ही जर्मन दिसलात की मी इंजिन बंद करतो, कागद देऊन माणूस पाठवतो. हॉलंड लढाईत नाही, मग मला कसली भीती?" किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या सगळ्याच बोटी असं करतात. आमचे जुने कप्तान पाणबुडी वर आणून कागद बघायचे. बोट बुडवायचीच असली तरी माणसांना आधी होडीत उतरू द्यायचे, किनारा कुठल्या दिशेला तेही सांगायचे.

ते गेले. नवे कप्तान वर येतच नाहीत. गेल्या खेपेला इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ एक कोळशाची बोट, पाण्यावर डोकावणारी आमची दुर्बिणीची नळी बघून थांबली. "थांबली. आता सोपं झालं," एवढंच ते बोलले. मी पाणबुडी खालीवर करायच्या चाकापाशी होतो, मला नुसता स्फोटाचा आवाज आला. नंतर वर आलो, तर उलट्या होडीजवळ कागदांची कातडी पिशवी तरंगत होती. त्या दिवशी ब्रूनोनेही थट्टा केली नाही.

उद्या आम्ही निघतोय, आणि या वेळी येल्तेच्याच वाटेवर. हे लिहिल्याचं कळलं तर मला गोळी घालतील, म्हणून रजेवर निघालेल्या ओटोच्या हाती देतोय. वाचून लगेच जाळ. येल्तेला सांग, नळी दिसली तर थांबू नकोस. पळूही नकोस. बोटीचं नाक सरळ नळीवर धर आणि पूर्ण वेगाने अंगावर ये. तिथलं पाणी उथळ आहे, आम्हाला खोल जायला जागा नसते. खाली चाकापाशी मी असेन, हे मात्र त्याला सांगू नकोस. नाहीतर तो थांबेल.

तुझाच,
हार्म